दोराने खाली सोडणं आणि दोराने वर ओढणं

मनोरंजन उद्यानातल्या उंच राइडवर किंवा रोपवेत माणसं अडकली की बातमीत ‘दोरीच्या साहाय्याने सुटका’ एवढंच येतं. पण त्यात दोन अगदी निराळी कामं येतात: माणसाला खाली सोडणं आणि वर ओढून घेणं. सुटकेचं नियोजन करणाऱ्याने आधी हा फरक पक्का ध्यानात घ्यायला हवा.

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानात 30 डिसेंबर 2016 रोजी टॉवरवर वर-खाली जाणारी ‘स्काय केबिन’ मध्येच अडकली. आत 21 जण, त्यात सात मुलं. तंत्रज्ञांना ती हलवता येईना, तेव्हा ऑरेंज काउंटीच्या अग्निशमन दलाने एकेकाला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे भक्कम पट्टे) चढवून सुमारे 148 फुटांवरून खाली सोडलं. रात्र झाली, पण सगळे सुखरूप उतरले.

झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर 10 एप्रिल 2022 रोजी रोपवे बंद पडला. कमी उंचीवरच्या काही ट्रॉल्यांतल्या लोकांना दोराने खालीच उतरवलं गेलं. बाकीच्या खोल दरीवर लटकत होत्या, म्हणून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी माणसं वर ओढून घेतली. चाळीसहून जास्त जण वाचले. दोघांचा मात्र सुटका चालू असतानाच पडून मृत्यू झाला. जवानांच्या धाडसाला तोड नाही, पण वर ओढण्यात जोखीम मोठी असते. पंख्यांच्या वाऱ्याने ट्रॉली हेलकावे खाते, दोर तारांत अडकू शकतो आणि लटकत्या माणसाला दारातून आत घेण्याचा सगळ्यात नाजूक क्षण नेमका सर्वाधिक उंचीवर येतो.

खाली सोडताना वजन आपसूक उतरतं, काम उरतं ते ब्रेक सांभाळण्याचं. डिसेंडरमधून, म्हणजे दोराला घर्षणाने अडवणाऱ्या साधनातून, दोर सावकाश सोडत राहायचा. सह्याद्रीत रॅपलिंग, म्हणजे दोरावरून स्वतः कडा उतरणं, केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण इथे दोराचा ताबा वरच्या माणसाकडे असतो, म्हणून घाबरलेल्या आजींना स्वतः काहीच करावं लागत नाही. हाताने वर ओढायचं तर कप्प्यांची तीनास एक जुळणी लावतात: जोर सुमारे एक तृतीयांश लागतो, पण माणूस एक मीटर वर यायला दोर तीन मीटर ओढावा लागतो. वेळ जातो, आणि हालचाल न करता हार्नेसमध्ये लटकलेल्याच्या पायांत रक्त साचून त्याची शुद्ध हरपू शकते.

हाताने सोडा की ओढा, दोर दोन हवेतच, तेही वेगवेगळ्या अँकरना, म्हणजे भक्कम आधारांना, बांधलेले. पहिला भार घेतो. तो तुटलाच तर दुसरा, बिलेचा (सुरक्षेचा) दोर, झेलतो.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की राइडच्या आराखड्यात आधी खाली सोडण्याची वाट शोधावी आणि ओढणं राखीव ठेवावं. अँकर कुठल्या तुळईला, दोर कुठल्या धारेवर घासेल, लहान मुलांच्या मापाचे हार्नेस आहेत का, हे आधीच पाहून लिहून ठेवावं. दोर उंचीपेक्षा लांब असावा आणि त्याच्या टोकाला गाठ मारलेली असावी. खालून एकाने वेगळा दोर धरून उतरणाऱ्याला सांगाड्यापासून दूर ठेवावं. सराव स्थानिक अग्निशमन दलाबरोबर, त्याच राइडवर आणि अंधारातही व्हावा.