तवंग कोणाचा?

समुद्रात तेल सांडलं की ‘आता उपग्रह गुन्हेगार पकडतीलच’ असं कुणीतरी लगेच लिहितं. उपग्रहावरच्या रडारला तवंग दिसतो हे खरं. तेलाने पाण्यावरच्या बारीक लहरी दबतात आणि तेवढा भाग काळा उमटतो. पण वारा पडला तरी पाणी तसंच काळं दिसतं. आणि तो तवंगच असला, तरी कोणाच्या तेलाचा, हे रडारला कळत नाही. ते रसायनशास्त्राला विचारावं लागतं.

कच्च्या तेलात हजारो हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे रेणू असतात. सांडल्यावर हलके रेणू उडून जातात, सरळ साखळीचे रेणू (अल्केन) जिवाणू आधी फस्त करतात. (तेलखाऊ जिवाणूंची पावडर टाका आणि समुद्र स्वच्छ करा, या जाहिरातबाजीवर जाऊ नका. असे जिवाणू समुद्रात मुळातच असतात. बहुतेकदा त्यांचं अडतं ते नायट्रोजन-फॉस्फरसवाचून.) सहजासहजी न पचणारा रेणू म्हणजे माझा लाडका होपेन. प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलातल्या रेणूंचा हा उरलेला सांगाडा, पाच कड्यांचा. कोट्यवधी वर्षं खडकात दबून-तापून बाजूची साखळी तुटते, कडी टिकतात. २७ ते ३५ कार्बनचं हे सगळं कुटुंब. त्यात कोण किती, आणि २२व्या कार्बनभोवती अणूंच्या दोन शक्य मांडण्यांपैकी ‘एस’ जास्त की ‘आर’, हे तेल ज्या गाळातून बनलं तो कसा होता आणि किती तापला यावर ठरतं. त्यामुळे तेलक्षेत्रागणिक प्रमाणं बदलतात. गॅस क्रोमॅटोग्राफीने रेणू वेगळे करायचे, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये फोडायचे, होपेनची खूण असलेला १९१ वस्तुमानाचा तुकडा टिपायचा आणि तवंगाच्या आलेखातली शिखरं संशयित टाकीतल्या नमुन्याशी ताडून पाहायची. होपेन फारसा घटत नसल्यामुळे त्याच्या तुलनेत बाकीचं तेल किती संपलं, तेही काढता येतं.

१९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’ या टँकरमधून सुमारे ३७,००० टन तेल सांडलं. नंतर त्याच किनाऱ्यांवरचे काही डांबरी अवशेष तपासले, तर ते कॅलिफोर्नियातल्या तेलाचे निघाले! बहुधा १९६४च्या अलास्का भूकंपात फुटलेल्या साठवण टाक्यांमधले.

भरपाईचं गणित मात्र देशागणिक फिरतं. १९६७च्या ‘टॉरी कॅन्यन’ टँकरच्या अपघातानंतर आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार टँकरचा नोंदणीकृत मालक जबाबदार. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण जहाजाच्या आकारानुसार रकमेला मर्यादा. त्यापुढची भरपाई तेल मागवणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीवरच्या निधीतून, तीही ठरावीक रकमेपर्यंतच. अमेरिका या व्यवस्थेबाहेर आहे. तिच्या १९९०च्या कायद्यात घोर निष्काळजीपणा ठरला की मर्यादाच उठते. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ‘एरिका’ टँकरच्या प्रकरणात मालकापलीकडे जाऊन टोटल या तेल कंपनीलाही जबाबदार धरलं. मॉरिशसजवळ २०२० मध्ये फुटलेलं ‘वाकाशिओ’ हे जहाज टँकर नव्हतं, सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन; त्यामुळे हा निधी तिथे लागूच झाला नाही.

२०१९ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर लागलेलं तेल रासायनिक तपासणीत व्हेनेझुएलाचं ठरलं. पण तेल कुठल्या विहिरीतलं यावरून भरपाई मिळत नाही. ते वाहून नेणारं जहाज लागतं, आणि त्याच्या टाकीतला नमुना हाती नसेल तर १९१ची शिखरं तेलाच्या जन्मगावापाशीच थांबतात. जहाज अज्ञात राहिलं तरी निधी पैसे देऊ शकतो, मात्र तेल टँकरमधूनच आलं हे दाखवता आलं तर.