लसीचे साइड इफेक्ट आणि रोगाचा धोका यांची तुलना

लस घेतल्यावर काय त्रास होऊ शकतो आणि लस न घेता तो रोगच झाला तर काय होऊ शकतं, हे दोन्ही तराजूत घालून बघणं म्हणजे ही तुलना. वैद्यकशास्त्रात याला लाभ-जोखीम मूल्यमापन असं भारदस्त नाव आहे, पण बाळाला मांडीवर घेऊन सुईकडे बघणारे आईबाप मनातल्या मनात हेच करत असतात, फक्त त्यांच्याकडे आकडे कमी आणि धाकधूक जास्त असते. वरवर बघता सोपं काम, दोन आकडे घ्या, मोठा कुठला ते बघा, संपलं. गोची अशी आहे की हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात.

लसीचा धोका डोसमागे मोजतात, म्हणजे इतके लाख डोस दिले आणि त्यात इतक्यांना अमुक झालं. रोगाचा धोका बहुतेक वेळा रोग्यांमागे सांगतात, म्हणजे ज्यांना रोग झाला त्यातल्या किती जणांचं काय झालं. आता लस घेणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात डोस जातोच, पण न घेणाऱ्या प्रत्येकाला रोग गाठतोच असं काही नाही, त्यामुळे रोगाच्या बाजूला अजून एका आकड्याने गुणावं लागतं, तो रोग आपल्याला होण्याची शक्यता किती. लसीवरचे निम्मे वाद खरं तर या गुणाकारावरून असतात, आणि दोन्हीकडचे लोक तो न करताच भांडतात.

गोवराचं बघू

गोवर झालेल्या दर १००० मुलांमागे १ ते ३ दगावतात, आणि हा हिशोब चांगली हॉस्पिटलं असलेल्या श्रीमंत देशांतला आहे, कुपोषण असेल तिथे हा आकडा कितीतरी पट वर जातो. साधारण २० मुलांमागे एकाला न्यूमोनिया होतो, १००० मागे एकाच्या मेंदूला सूज येते. शिवाय एक फार दुर्मिळ पण वाईट प्रकार आहे, मूल गोवरातून पूर्ण बरं होतं, शाळेत जायला लागतं आणि सात-दहा वर्षांनी त्याचा मेंदू हळूहळू निकामी होत जातो, त्यावर बरं करणारा उपाय नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची जी एकत्र लस देतात तिच्या बाजूला बघितलं तर ताप, थोडं पुरळ, ३ ते ४ हजार डोसमागे एकाला तापात आकडी, ३० ते ४० हजार डोसमागे एकाच्या रक्तातल्या प्लेटलेट तात्पुरत्या कमी होणं, आणि दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला जोरदार अॅलर्जी. ही अॅलर्जी बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच येते, टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात ते त्यासाठी.

आकडीचं जरा नीट सांगायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त हादरतात ते तिला. या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, त्याला अंगात वाढायला वेळ लागतो, म्हणून ताप त्याच दिवशी न येता साधारण ६ ते १२ दिवसांनी येतो, तोवर घरातले लस दिलेली विसरूनही गेलेले असतात. मग एका रात्री मुलाचं अंग भाजायला लागतं, डोळे वर फिरतात, हातपाय ताठ होऊन झटके देतात. बहुतेकदा हे दोन-चार मिनिटांत थांबतं, मूल गाढ झोपतं आणि उठल्यावर नेहमीसारखं असतं, मागे काही राहत नाही. पण ती दोन-चार मिनिटं ज्याने बघितली त्याला ३ हजारांत एक वगैरे ऐकवून काही उपयोग नसतो, त्याच्या घरी तो आकडा एकात एक असतो. आणि खऱ्या गोवराच्या तापातही आकडी येते, लसीपेक्षा कितीतरी जास्त वेळा, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता राहिला गुणाकार. गोवर एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना होऊ शकतो, इतका संसर्गजन्य रोग क्वचितच दुसरा असेल. पण आजूबाजूच्या ९५ टक्के लोकांना लस मिळालेली असेल तर तो पसरायला माणसंच मिळत नाहीत, आणि मग एकट्या मुलाचा हिशोब केला तर न टोचणं फायद्याचं दिसायला लागतं. हिशोब तसा चुकीचा नाही, फक्त तो इतरांनी लस घेतलीय या भांडवलावर उभा आहे, आणि चार घरांनी तोच केला की ते भांडवल संपतं. जपानमध्ये १९७४-७५ च्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याच्या लसीनंतर दोन बाळं दगावली, लसीकरण थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं तरी लोक फिरकेनात आणि १९७६ मध्ये जेमतेम १० टक्के मुलांना लस मिळत होती. १९७९ मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे १३,००० रुग्ण झाले आणि ४१ जण गेले. ब्रिटनमध्येही त्याच सुमाराला अशीच भीती पसरून प्रमाण सुमारे ८० वरून ३० टक्क्यांवर आलं आणि मोठ्या साथी आल्या.

जुनी गोष्ट

हा तराजू लसीपेक्षाही जुना आहे. १८ व्या शतकात देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीखाली घालायचे, त्याने सौम्य देवी यायच्या आणि पुन्हा येत नसत. यात शंभरातला एखाद-दुसरा मरायचाही, पण आपोआप आलेल्या देवीत शंभरातले २० ते ३० मरायचे. १७६० मध्ये डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने पॅरिसच्या अकादमीपुढे हिशोब मांडला की सगळ्यांना टोचलं तर सरासरी आयुष्य साधारण तीन वर्षांनी वाढेल. त्यावर दालांबेर या दुसऱ्या गणितज्ञाने जो आक्षेप घेतला तो मला आजही बर्नुलीच्या गणिताइतकाच दमदार वाटतो. टोचण्याचा धोका या महिन्यात, एकदम समोर उभा असतो आणि वाढणारी तीन वर्षं मिळणार ती आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा या दोन गोष्टी सरळ वजाबाकी करून कशा काय ताडायच्या? दालांबेर टोचण्याच्या विरोधात नव्हता, त्याचं म्हणणं एवढंच की माणूस सरासरीवर जगत नाही.

अमेरिकेतला मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याचा चार वर्षांचा मुलगा १७३६ मध्ये देवीने गेला, त्याला टोचलेलं नव्हतं. टोचल्याने मूल गेलं तर स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही असं म्हणून जे आईबाप टाळतात त्यांच्यासाठी त्याने नंतर लिहून ठेवलं की पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच असतो. मानसशास्त्रात याच झुकावाला पुढे 'ओमिशन बायस' असं नाव मिळालं. १९९० मध्ये रिटोव्ह आणि बॅरन यांनी दाखवलं की आपण काही केल्याने झालेलं नुकसान लोकांना, काही न केल्याने झालेल्या तेवढ्याच नुकसानापेक्षा जास्त टोचतं, म्हणून लसीने वाचणारे जास्त असले तरी बरेच जण हात आखडता घेतात.

तराजू हलतो तेव्हा

लोकांना वाटतं एकदा सुरक्षित ठरली की लस कायमची सुरक्षित, किंवा उलट. तसं नसतं, लस तीच राहते आणि पारडं फिरतं. कोविडच्या वेळी अॅस्ट्राझेनेकाच्या लसीने क्वचित प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या लोकांनी एक साधा तक्ता काढला. साथ कमी असताना १६ आठवड्यांचा हिशोब, ६० ते ६९ वयाच्या एक लाख लोकांमागे आयसीयूतल्या १४.१ भरत्या टळतात आणि लसीने गंभीर इजा ०.२ जणांना होते, पण २० ते २९ वयात ०.८ भरत्या टळतात आणि इजा १.१. म्हणजे आजीला बिनदिक्कत द्या आणि नातवाला दुसरी लस बघा, आणि ब्रिटनने तिशीच्या आतल्यांसाठी तसंच केलं. साथ जोरात असती तर हेच आकडे नातवाच्याही बाजूने झुकले असते.

पोलिओचंही तसंच. पोलिओचा संसर्ग झालेल्या साधारण २०० मध्ये एकाला लुळेपणा येतो, आणि तोंडातून देतात त्या थेंबांनीही साधारण वीस-पंचवीस लाख डोसमागे एखाद्याला तो येऊ शकतो. रोग घरोघर असताना हा सौदा कुणीही करेल. अमेरिकेत मात्र १९७९ नंतर मूळच्या पोलिओची तिथली लागण बंद झाली आणि त्यानंतर जो थोडा लुळेपणा दिसायचा, वर्षाला साधारण ८ जणांना, तो थेंबांमुळेच, म्हणून २००० पासून त्यांनी फक्त इंजेक्शनच ठेवलं. देवीची लस तर तिथे १९७२ मध्येच नेहमीच्या यादीतून काढली, कारण पहिल्यांदा घेणाऱ्या दहा लाखांमागे साधारण एकाचा जीव जायचा आणि समोर रोगच नव्हता.

एकाच वेळी दोन जागी दोन उत्तरंही येतात. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसच्या जुलाबावरची रोटाशिल्ड ही लस आली, तिने साधारण १०,००० बाळांमागे एकात आतड्यात आतडं शिरून अडकायचं, वर्षभरातच ती मागे घेतली. तिथे या जुलाबाने वर्षाला काही डझनच मुलं जायची, त्यामुळे ठीक. पण जगात तेव्हा दरवर्षी लाखो बाळं याने मरत होती आणि तिथे तीच लस फायद्याची ठरली असती, पण श्रीमंत देशाने टाकलेली लस गरीब देश कशाला घेतील. पुढच्या दोन लसी बाजारात यायच्या आधी प्रत्येकी ६० हजारांहून जास्त बाळांवर तपासाव्या लागल्या, यात काही वर्षं गेली.

लसीनंतर झालेलं सगळंच लसीमुळे झालेलं नसतं, हाही एक गुंता आहे. कोविड लसीच्या चाचण्यांत नुसतं मिठाचं पाणी वगैरे टोचलेल्यांपैकी साधारण ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असं काहीतरी सांगितलं होतं. म्हणून खरा साइड इफेक्ट शोधताना लस न घेतलेल्यांतही तो त्रास किती होतो ते आधी मोजतात आणि वरचा जो फरक उरतो तेवढाच लसीच्या नावावर टाकतात. तो फरक कितीही छोटा असला तरी कुणाच्या तरी वाट्याला येतोच, आणि त्या माणसाने धोका अर्धा स्वतःसाठी आणि अर्धा शेजाऱ्यांसाठी घेतलेला असतो, म्हणून जर्मनीने १९६१ मध्ये अशा लोकांना सरकारकडून भरपाई द्यायला सुरुवात केली, आणि अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने जो फंड झाला त्यात आता लस ज्या रोगांवर आहे त्यातल्या प्रत्येक रोगामागे डोसला ७५ सेंट जमा होतात, म्हणजे तीन रोगांच्या एका लसीमागे सव्वादोन डॉलर.