टेक्सस होल्डेम

टेक्सस होल्डेम हा पोकरचा आज सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार. जोकर काढलेला ५२ पत्त्यांचा कॅट, दोनपासून नऊ-दहापर्यंत खेळाडू आणि हिशोबाला चिप्स, एवढ्या सामानावर तो चालतो. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, टेबलाच्या मधोमध पाच पत्ते सर्वांसाठी उघडे मांडले जातात, आणि या सातांतून ज्याचे सर्वांत भारी पाच पत्ते जुळतील तो डाव जिंकतो. बाकी सगळ्यांनी आधीच पत्ते टाकून दिले, तर उरलेला एकटा काहीही न दाखवता पैसे ओढतो. नियम अर्ध्या तासात कळतात. तीन पत्ती खेळून मोठ्या झालेल्या मराठी माणसाला तर टेबलाची रीत ओळखीचीच वाटते. तो फसतो तेही या ओळखीपायीच, कारण ओळखीच्या दोन-तीन गोष्टी इथे नेमक्या उलट्या आहेत.

पहिली गोष्ट ब्लाइंडची. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता केलेली चाल. होल्डेममध्ये पत्ते सगळेच बघतात. ब्लाइंड ही वाटप होण्याआधी सक्तीने भरायची रक्कम असते. तीन पत्तीतल्या बूटाच्या, म्हणजे डावाआधी भरायच्या रकमेच्या, जागी ती आहे असे समजावे, फक्त बूट सगळे भरतात आणि ब्लाइंड दोघेच. टेबलावर एक गोल चकती फिरत असते, तिला डीलर बटण म्हणतात. वाटणारा कुणीही असो, चकती ज्याच्यापुढे तो त्या डावाचा डीलर. त्याच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड भरतो, त्यापुढचा मोठा, आणि मोठा बहुधा छोट्याच्या दुप्पट असतो. डाव संपला की चकती एक जागा डावीकडे सरकते, म्हणजे हा भार आळीपाळीने सर्वांवर येतो.

दोन-दोन पत्ते वाटले की मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडच्यापासून बोलणे सुरू होते. पत्ते टाकायचे तर फोल्ड, समोरच्याइतकी रक्कम भरायची तर कॉल, वाढवायची तर रेझ. वाढ किमान आधीच्या वाढीएवढी हवी. सगळ्यांची रक्कम सारखी झाली की वाटणारा वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला काढतो आणि तीन पत्ते उघडतो. हा फ्लॉप. त्यानंतर पुन्हा बोली, मग चौथा पत्ता, टर्न. पुन्हा बोली, मग पाचवा, रिव्हर. आणि शेवटची बोली. फ्लॉपनंतरच्या तिन्ही फेऱ्यांत डीलरच्या डावीकडचा पहिला बोलतो आणि डीलर सर्वांत शेवटी. कुणी रक्कम लावलेली नसेल तर चेक म्हणून काही न भरता पुढच्याकडे बोलणे सोपवता येते. शेवटी बोलायला मिळणे हा या खेळातला मोठा फायदा. नवखा खेळाडू आपल्या पत्त्यांकडे बघत राहतो, मुरलेला आधी चकती कुठे आहे ते बघतो.

दुसरी उलटी गोष्ट क्रमवारीची. चढता क्रम असा: नुसता मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, एकाच नंबराचे तीन, स्ट्रेट म्हणजे ओळीने पाच, फ्लश म्हणजे एकाच रंगाचे (जसे सगळे बदाम) पाच, फुल हाउस म्हणजे तीन आणि दोन, एकाच नंबराचे चार, आणि सर्वांवर स्ट्रेट फ्लश, ज्यातला एक्क्यापासून दश्शीपर्यंतचा तो रॉयल फ्लश. तीन पत्तीत सीक्वेन्स (स्ट्रेट) कलरला (फ्लशला) मारते, इथे कलर सीक्वेन्सला मारतो. यात लहर कुणाचीच नाही, सगळा मामला मोजणीचा. ५२ पत्त्यांतून पाचांचे २५,९८,९६० संच होतात. त्यांत साध्या स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८. तीनच पत्ते घेतले तर एकूण संच २२,१००, त्यांत साध्या सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. जे दुर्मीळ ते भारी, हा नियम दोन्हीकडे एकच, पण पत्ते तीनाचे पाच झाले की दुर्मीळपण जागा बदलते. गंमत अशी की तीन पत्ती स्वतः हा नियम वरच्या टोकाला पाळत नाही. तिथे ट्रेल, म्हणजे एकाच नंबराचे तीन, ५२ प्रकारे बनते आणि प्युअर सीक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सीक्वेन्स, ४८ प्रकारे, तरी ट्रेल वर.

एक्क्याचेही तसेच. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री ही बहुतेक ठिकाणी दुसऱ्या नंबरची सीक्वेन्स. होल्डेममध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी चालते, पण ती सर्वांत लहान स्ट्रेट ठरते. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री अशी वळसा घातलेली ओळ तर चालतच नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांत लहान-मोठे काही नाही. दोघांचे पाचही पत्ते तोडीस तोड निघाले तर पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, वाटून घ्यायचा. एकाच जोडीवर दोघे अडले तर उरलेल्यांतला मोठा पत्ता निकाल लावतो. त्याला किकर म्हणतात. हातात एक्का आणि तिर्री धरून एक्क्याच्या जोडीवर हरणाऱ्यांना किकर सहसा उशिरा कळतो.

एक डाव जवळून पाहू. चार खेळाडू, प्रत्येकाकडे २,००० चिप्स, ब्लाइंड १० आणि २०. मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडच्याला बदाम एक्का आणि बदाम राजा आले. तो रक्कम ६० वर नेतो. डीलरकडे इस्पिक आणि किलवर नव्वी. तो कॉल करतो. छोटा ब्लाइंड दहा सोडून पत्ते टाकतो. मोठा ब्लाइंड चौकट राणी आणि दश्शीवर आणखी ४० भरतो. पॉट १९०. फ्लॉप येतो: बदाम दुर्री, बदाम नव्वी, किलवर राजा. मोठा ब्लाइंड चेक म्हणतो. एक्का-राजावाल्याकडे राजांची जोडी आहे आणि फ्लशला एकच बदाम कमी. तो १२० लावतो. डीलरला तिसरी नव्वी मिळाली आहे, पण तो चेहरा न हलवता नुसता कॉल करतो. मोठा ब्लाइंड बाहेर. पॉट ४३०.

टर्नला इस्पिक सत्ती. एक्का-राजावाला चेक, डीलर ३००, याचा कॉल. पॉट १,०३०. आता याला बदाम हवा, आणि न दिसलेले बदाम नऊ आहेत. रिव्हर: बदाम सत्ती. फ्लश झाला, तोही एक्क्याचा. तो उरलेले सगळे १,५२० पुढे सारतो, म्हणजे ऑल-इन. डीलर लगेच कॉल करतो आणि पत्ते उलटतो: तीन नव्व्या आणि टेबलावरच्या दोन सत्त्या, फुल हाउस. पॉट ४,०७०. नऊपैकी आठ बदामांनी हा डाव जिंकला असता. हरवणारा नववा बदाम म्हणजे ही सत्ती, कारण तिने टेबलावर जोडी लावली. टेबलावर जोडी दिसली की कुणाकडे तरी फुल हाउस असू शकते, ही सवय नजरेला लावून घ्यावी लागते, आणि ती बहुधा असाच एखादा डाव घालवून लागते.

ऑल-इनचा नियम तीन पत्तीवाल्याला दिलासा देतो. चालीला पैसे कमी पडले म्हणून कुणाला उठावे लागत नाही. आहेत तेवढे लावून तो डावात राहतो आणि समोरच्या प्रत्येकाकडून तेवढेच जिंकू शकतो. त्यावरची रक्कम बाकीच्यांच्या वेगळ्या पॉटमध्ये जाते. उलट, डाव चालू असताना खिशातून नवे पैसे काढून लावता येत नाहीत. दोघेच खेळत असतील तर डीलर स्वतः छोटा ब्लाइंड भरतो, फ्लॉपआधी पहिला बोलतो आणि नंतर शेवटी.

रक्कम किती लावायची याला मर्यादा नसेल तर तो नो-लिमिट खेळ. स्पर्धांत आणि टीव्हीवर दिसतो तो बहुधा हाच. ओमाहा हा याचा जवळचा भाऊ: हातात चार पत्ते, पण त्यांतले नेमके दोनच वापरण्याची सक्ती.

खेळाचा जन्म अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला जन्मस्थानाचा मान दिला. लास व्हेगासमध्ये तो १९६० च्या दशकात पोचला. १९७० मध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर भरवली. तिच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी पुढे १०,००० डॉलर ठरली आणि ती आजही तेवढीच आहे. डॉइल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. एरवी शहाणा माणूस हे पत्ते टाकून देतो. पोकरवाले मात्र या जोडगोळीला अजून ब्रन्सन यांच्याच नावाने ओळखतात. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हिशोबनीस इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता स्पर्धेतून तिथे पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी ८३९ खेळाडू होते, पुढच्या वर्षी २,५७६. खेळाडूंचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणारा टेबलातला कॅमेराही याच काळात रुळला. त्याआधी टीव्हीवर पोकर बघणे म्हणजे गप्प बसलेली माणसे बघणे होते.

भारतात पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांत एकमत झालेले नाही. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, बंदी घातली. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात कायद्यातल्या दुरुस्त्यांमुळे पणजीला मांडवीत नांगरलेल्या बोटींवर कॅसिनो चालतात. तिथल्या पोकरच्या टेबलावर खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो डावात उतरत नाही, तर प्रत्येक पॉटमधून ठरलेला हिस्सा काढून घेतो. त्याला रेक म्हणतात.