रीफ टँकचं शेवाळ : वर नको, संपमध्ये हवं

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावून सहा-आठ महिने झाले की एकच तक्रार आमच्या काउंटरवर येते. दगडांवर हिरवी लव चढली, काच सकाळी पुसली तरी संध्याकाळी पुन्हा धुरकट. माशांना घातलेलं खाद्य शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होऊन पाण्यात उरतं, आणि शेवाळाला ते खतच. मग शेवाळ आपल्या सोयीच्या जागी वाढवायचं, एवढीच रेफ्युजियमची, म्हणजे शेवाळासाठी राखून ठेवलेल्या कप्प्याची, युक्ती.

ही जागा म्हणजे टँकखालचा संप. बेळगावात घरोघरी अंगणात पाण्याचा संप असतो तसाच, फक्त काचेचा, आणि टँकचं पाणी पंपाने त्यातून फिरत राहतं. त्यातल्या एका कप्प्यात मूठभर कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ सोडायचं. आम्ही त्याला 'चीटो' म्हणतो. हातात घेतलं तर गळाच्या नायलॉन दोऱ्याचा गुंता वाटेल. मुळं नाहीत, वाळू लागत नाही. वर एक एलईडी आणि गुंता सावकाश फिरत राहील एवढा प्रवाह पुरे. पंपाच्या तोंडाला जाळी मात्र लावा, तुटके धागे अडकतात.

दिवा रात्री लावा. वर अंधार झाला की टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच घसरतो. खालचं उजेडातलं शेवाळ तेव्हा तोच वायू ओढून घेतं.

निम्मे लोक विसरतात ते पुढचं. घासाचा वाफा कापावा तसं चीटो कापत राहायचं. नायट्रेट त्याच्या अंगात गेलेलं असतं; गुंता बाहेर काढाल तेव्हाच ते टँकमधून जातं. कप्पा भरला की अर्धा काढा, टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या. त्यातून निसटणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव माशांचं आयतं खाणं आहे, नळाच्या पाण्यात ते मरतात. खळबळून झालेलं चीटो कचऱ्यात टाका. नाल्यात किंवा तळ्यात नको, आणि कुंडीत तर नकोच, मीठ असतं.

कॉलर्पा हे दुसरं शेवाळ दिसायला देखणं, पण आम्ही विकत नाही. दुकानातल्याच टँकमध्ये एकदा ते रातोरात बीज सोडून मेलं. सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं. चार माशांवर निभावलं.

लाइट गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं. पावसाळ्यात हे नेहमीचंच, म्हणून संप काठोकाठ भरू नका. पंप मुद्दाम बंद करून पाणी कुठवर चढतं ते एकदा बघा आणि तिथे खूण करून ठेवा.

स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि पाणी बदलणं सुटत नाही, हेही सांगून ठेवतो. ऊसपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं; मीठ कालवायला आरओ-डीआयचंच, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं, पाणी घ्या.

चीटो पांढरट पडून विरघळू लागलं तर लगेच दिवा वाढवू नका. बऱ्याचदा नायट्रेट किंवा फॉस्फेट संपलेलं असतं. अर्धा लिटर पाणी बाटलीत घेऊन या, तपासून देतो. जुन्या गिऱ्हाइकांना मूठभर चीटो फुकट. येताना झाकणाचा डबा आणा.