शेतमजुराचा रोज ठरतो कसा? थोडी मागची गोष्ट

सोयाबीन काढणीला आलं की मराठवाड्यात गावोगावी एकच विषय, गुत्तं, म्हणजे काढणीचा ठेका, एकरी किती चाललंय. वर ढग दिसायला लागले आणि सगळ्यांचं सोयाबीन एकाच आठवड्यात वाळलं की भाव चढतो, शेजारच्या गावात अजून वेगळा असतो, मग पारावर कोणीतरी म्हणतंच की मजूर लई माजलेत. हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतं, कारण मजुरी कशी ठरत आली हे मागं जाऊन बघितलं तर भाव सांगायची ताकद मजुराकडं वर्षातले मोजके दिवस असते आणि ती पण त्याला फार उशिरा मिळाली.

पूर्वी तर रोख रोज ही गोष्टच कमी. बलुतेदारांना सुगीत धान्य, गावकीची कामं करणाऱ्या महारांना वतनाच्या नावाखाली तुटपुंजी जमीन, थोडं बलुतं आणि रात्री-अपरात्री कुणाचीही हाक. त्या वतनाच्या कायद्यात बदल करायचं विधेयक बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात १९२८ ला मांडलं आणि ती वतनं कायद्यानं गेली १९५८ साली, म्हणजे मधे ३० वर्षं गेली. वर्षभरासाठी ठेवलेल्या सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं, अजून बऱ्याच ठिकाणी ठरतं, वर्षाचं धान्य, कपडे, थोडे पैसे आणि वर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. खरी गोम त्या उचलीतच, कारण ती फिटली नाही तर पुढच्या पाडव्याला तो दुसऱ्याच्या दारात जाऊच शकत नाही, मग मजुरी मालक म्हणेल ती. म्हणजे रोज किती हे कामावरून नाही तर कर्जावरून ठरायचं.

याचं सगळ्यात वाईट रूप तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींच्या वाट्याला आलं. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्याकडं राबायला, लग्नगडी म्हणायचे त्यांना, शिवाय फुकटची वेठ वेगळीच. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीनं उंबरगाव, डहाणू भागातले वारली उभे राहिले, वेठबिगार बंद म्हणाले आणि मग गवत कापणीची मजुरी वाढवून मागितली, नाहीतर विळा हातात घेणार नाही. गवताचा सीझन ठरलेला असतो, ते उभं वाळून गेलं तर मालकाचं नुकसान, त्यामुळं संप करायची वेळ अगदी बरोबर निवडलेली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं गेली, पण लोक हटले नाहीत. मला वाटतं शेतमजुरीचा भाव मजुरानं स्वतः सांगितला असं आपल्याकडचं हे सगळ्यात ठळक उदाहरण.

मग १९४८ ला किमान वेतन कायदा आला, त्याच्या परिशिष्टात शेती पण होती. पण कारखान्याला गेट असतं, मस्टर असतं, बांधावर कोण तपासायला येणार? दर कागदावर जाहीर व्हायचे आणि गावात रोज जो चालायचा तोच चालायचा.

खरा फरक पडला तो दुष्काळानं. १९७२ चा दुष्काळ म्हटलं की घराघरात खडी फोडल्याच्या आठवणी निघतात, मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला सरकारनं काम द्यायची कल्पना त्याआधीच, १९६५ ला तासगाव तालुक्यात करून बघितलेली, पुढं राज्यभर रोजगार हमी योजना (रोहयो) झाली, १९७७ ला कायदा झाला आणि पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आता यात मजुरीचा संबंध काय, तर हाच की पहिल्यांदा बाईमाणसाला सकाळी उठून 'तुमच्याकडं नाही जमत, मी रोहयोवर जाते' म्हणता यायला लागलं. तिथं मोजमापावर पैसे, बाई म्हणून दर कमी नाही. शेतात मात्र खुरपणीला बायकांचा रोज गड्यापेक्षा कितीतरी कमी, समान वेतनाचा कायदा १९७६ लाच झालेला असूनही, आणि कारण काय देतात तर खुरपणी हलकं काम! दिवसभर उकिडवं बसून ते काम एकदा करून बघावं.

मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार तेव्हापासूनची, रोहयोमुळं मजूर मिळत नाही. १९८८ ला किमान मजुरी एकदम दुप्पट झाली, रोहयोचा दर तिलाच बांधलेला म्हणून तोही वाढला, पण त्यानंतर रोहयोवरची हजेरी घसरली, मागेल त्याला काम ही हमी तेवढी भक्कम राहिली नाही. दर वाढवून काम कमी काढलं तर मजुराच्या हातात काय पडणार.

यात छोट्या शेतकऱ्याचं दुखणं पण खोटं नाही हे मला मान्य आहे. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं, मग तो काढणीला जास्त कुठून देणार? म्हणून तो तणनाशक मारतो, हार्वेस्टर बोलावतो, आणि खुरपणीचे जे दिवस बायकांना हमखास मिळायचे ते जातात. आता रोज वाढलेला दिसतो पण वर्षातले कामाचे दिवस कमी झालेत, हे कोणी मोजतच नाही.

ऊसतोडीचं गणित अजून वेगळं, तिथं दर टनावर, साखर संघ आणि संघटनांच्या करारानं ठरतो, जानेवारी २०२४ ला ३४ टक्के वाढ मिळाली ती संपाच्या इशाऱ्यानंतर. पण टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल तिथंही आहेच, पाडव्याच्या सालासारखीच.

आणि आत्ताची गोष्ट. मनरेगाचा, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीचा, महाराष्ट्रातला दर २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला, त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवायची तरतूद पण आहे, म्हणजे नेमके तेच दिवस जेव्हा गुत्त्याचा भाव चढतो.