पार्श्वभूमी : ॲप जवळ आलं, महासभा लांबच

मालमत्ता कर मोबाइलवर भरता येतो, बंद दिव्याचा फोटो काढून तक्रार टाकता येते. पण महापालिकेच्या उद्याच्या महासभेत कोणता ठराव येतोय, त्यावर चार शब्द म्हणायची सोय ठाण्या-नवी मुंबईच्या पडद्यावर सहसा नसते. सेवा हातात, निर्णय लांब, ही विभागणी मोबाइलच्या आधीची आहे.

लोकशाही दिन आठवा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी किंवा आयुक्तांपुढे गाऱ्हाणं मांडायचं, तेही विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी देऊन. नाव लोकशाहीचं, थाट दरबाराचा.

संगणक आला तो याच वाटेने. मान शेजारच्या कल्याण-डोंबिवलीचा. २००० च्या आसपास तिथल्या महापालिकेने कारभार संगणकावर घेतला, अर्ज, दाखले आणि कर एकाच ठिकाणी घेणारं नागरी सुविधा केंद्र उघडलं. पुढे राज्यातल्या इतर पालिकांनी ते उचललं. जन्मदाखल्यासाठी चार टेबलं फिरलेल्या माणसाला त्याचं मोल सांगावं लागत नाही.

दुसरी, निर्णयात सहभागाची वाटही होती. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. नवी मुंबई महापालिकेचा कारभार जानेवारी १९९२ मध्ये सुरू झालेला, म्हणजे दोघी जवळपास एकाच वयाच्या. दुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. २००५ च्या केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाने लोकसहभागाच्या कायद्याची अट घातली आणि २००९ मध्ये महाराष्ट्राच्या पालिका कायद्यांत क्षेत्र सभा आली. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. कागदावर आली, प्रत्यक्षात फारशी भरली नाही. ॲपला ठेकेदार मिळतो, सभेला सतरंजी घालणारा मिळत नाही.

मग जून २०१५ मध्ये केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान आलं. शहरांनी नागरिकांची मतं ऑनलाइन मागवावीत अशी अपेक्षा त्यात होती, आणि कामं राबवायला स्वतंत्र कंपनी काढायची अटही होती. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही इच्छुक शहरांच्या पहिल्या यादीत होती, पण रस्ते वेगळे झाले. डिसेंबर २०१५ मध्ये नवी मुंबईच्या महासभेने प्रस्ताव फेटाळला. कंपनी आली की महापालिकेच्या स्वायत्ततेवर गदा येईल, असा आक्षेप होता. त्यात पक्षीय राजकारण नव्हतं असं नाही, पण आक्षेप पोकळही नव्हता. नवी मुंबईची जागा नंतर पिंपरी-चिंचवडला गेली. ठाण्याची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली, कंपनी स्थापन झाली आणि २०१८ मध्ये तेल अवीव पालिकेच्या डिजीटेल या डिजिटल सेवेच्या धर्तीवर 'डिजीठाणे' हे ॲप आलं. कर, तक्रारी आणि सोबत दुकानांच्या सवलतीही! नागरिकाला ग्राहक समजण्याचा इतका सरळ नमुना शोधून सापडायचा नाही.

नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याच्या मार्च २०२२ मध्ये. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. प्रशासक हाच महासभा, तोच स्थायी समिती. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणाराही तोच. ऑनलाइन कर भरणा या काळातही चालूच होता, तक्रारींना क्रमांक मिळत होते. तो कर कुठे खर्च करायचा हे सभागृहात विचारायला मात्र नवी मुंबईकरांचा माणूस पाच वर्षांहून अधिक काळ नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. नवी मुंबईत ते पहिल्यांदाच बहुसदस्यीय प्रभागांतून झालं. एकाला सोडून सगळ्या प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत, तेव्हा गटार तुंबलं तर चौघांपैकी कोणाचं दार ठोठवायचं, हे प्रभागातल्या लोकांना अजून ठरवायचंय.