सर्व्होची थरथर: जिटर की हंटिंग?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावरून, आणलेला छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर हात नेऊन धरणारी मोटर) 555 या टायमर आयसीच्या साध्या सर्किटला जोडला की त्याचा हात पुष्कळदा एका जागी न थांबता थरथरत राहतो. या थरथरीची मुख्य मुळे दोन आहेत, जिटर आणि हंटिंग. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

जिटर, म्हणजे वेळेतली चंचलता, पल्समध्ये (सर्व्होला मिळणाऱ्या विद्युत ठोक्यामध्ये) असतो. सर्व्होला दर 20 मिलिसेकंदांनी साधारण 1 ते 2 मिलिसेकंद रुंदीची पल्स मिळते आणि त्या रुंदीवरून तो कोन ठरवतो. एवढ्या फरकात हात 90 अंश फिरतो असे धरले, तर एका अंशाच्या वाट्याला सुमारे 11 मायक्रोसेकंदच येतात. म्हणजे 1.5 मिलिसेकंदाची पल्स अवघी 1 टक्का हलली, तरी हात एका अंशाहून जास्त सरकतो. दोन पल्समधले अंतर थोडे मागेपुढे झाले तर इतके बिघडत नाही.

हंटिंगमध्ये पल्स निर्दोष असते. आतला पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) हाताची जागा कळवतो आणि मोटर चूक भरून काढते. पण हात लांब किंवा जड असेल, गिअर सैल असतील, तर हात ठरलेली जागा ओलांडून जातो, मग परततो, पुन्हा ओलांडतो. या हेलकाव्यांना एक ठेका असतो. जिटरचे झटके मात्र बहुधा अनियमित असतात.

हाताला बोटाने हलकेच दाबा. हंटिंग बहुधा थांबते किंवा ठेका बदलते. जिटरचे झटके बोटाला जाणवतच राहतात. ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे उपकरण) असेल तर पल्सची मागची कड, म्हणजे ती जिथे संपते ती, पाहावी, ती थरथरत असेल तर दोष सर्किटचा.

फसवणारा प्रकार तिसरा आहे आणि माझ्या मते ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता सर्किट जोडण्याच्या पाटीवर) तोच जास्त आढळतो. मोटर सुरू होताना प्रवाह ओढते, पुरवठ्याचा व्होल्टेज खाली बसतो, पुढची पल्स बदलते आणि त्यामुळे मोटर पुन्हा हलते. 555 चे उंबरठे, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो स्विच होतो ते, पुरवठ्याच्या एक तृतीयांश व दोन तृतीयांशावर असतात आणि पल्सची वेळ ठरवणारा टायमिंग कपॅसिटरही त्याच पुरवठ्यावर भरतो, म्हणून संथ बदल जवळजवळ जुळून जातात. पण पल्स चालू असताना आलेली अचानक घसरण जुळत नाही. येथे बोटाने दाबल्यावर मोटर जास्त प्रवाह ओढते आणि थरथर उलट वाढते. माझ्या एका जोडणीत 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, पण बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला. तो आयसीच्या 8 आणि 1 या पिनांना अगदी चिकटवून लावल्यावर झटके स्पष्टपणे कमी झाले.

म्हणून जिटरसाठी आणि या तिसऱ्या प्रकारासाठी सर्व्होला वेगळा पुरवठा द्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड एकाच बिंदूवर जोडावे. सर्व्होजवळ 470 मायक्रोफॅरडचा, तर पिन 5 वरून ग्राउंडला 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. टायमिंगसाठी पॉलिस्टर कपॅसिटर घ्यावा. साधा 555 स्विच होताना स्वतःच प्रवाहाचा झटका घेतो, त्यामुळे त्याचाच सीमॉस प्रकार 7555 अधिक बरा.

हंटिंगवर यातले काहीच उपयोगी पडत नाही. तिथे हात आखूड करावा, भार हलका करावा, गिअर किंवा पॉट झिजला असेल तर सर्व्होच बदलावा. शंका राहिली तर हातावरचा भार पूर्ण काढून त्याच पल्सवर सर्व्हो चालवून पाहावा; थरथर थांबली तर बहुधा ती हंटिंग.